एक वखार, अनेक दुकाने : शासकीय माहितीचे भांडार आणि पोर्टल यांची जोडणी

बेळगावच्या खडेबाजारातील कोणत्याही दुकानाच्या दर्शनी भागात जो माल मांडलेला दिसतो, तो दुकानदाराच्या एकूण मालाचा अल्पसा अंश असतो. उरलेला माल मागील खोलीत, माडीवर किंवा दूरच्या वखारीत ठेवलेला असतो. निपाणीच्या तंबाखू व्यापारात ही व्यवस्था अधिक ठळकपणे दिसून येते. तेथे माल वखारीत असतो आणि व्यवहार पेढीवर होतो. पेढीवर येते ती केवळ वानगी. वानगी एका मालाची आणि वखारीतील माल दुसऱ्याच प्रतीचा असेल, तर पेढीची पत राहत नाही. म्हणून वखार आणि पेढी यांच्यातील नोंद नेहमी चोख असावी लागते.

शासकीय कारभार संगणकावर येऊ लागल्यापासून नेमका हाच प्रश्न शासनाच्या विविध विभागांपुढे उभा राहिला आहे. योजनांची माहिती, नियम, शासन निर्णय, अर्जांचे नमुने, शुल्काचे दर आणि कागदपत्रांच्या याद्या हा शासनाचा माल होय. तो जपून ठेवणारी, त्यात दुरुस्त्या करणारी व त्यास मान्यता देणारी जी संगणकीय व्यवस्था असते, तिला आशय व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख सोयीसाठी माहिती-भांडार असा केला आहे. नागरिक ज्या दारातून आत येतो, अर्ज करतो, शुल्क भरतो व पावती घेतो, ते दार म्हणजे पोर्टल. भांडार आणि पोर्टल यांची जोडणी कशी करावी, ती कोठे तुटते आणि तुटल्यास सामान्य माणसाचे काय नुकसान होते, यांविषयी पुढे विवेचन केले आहे.

विद्यार्थ्याची एक फेरी

महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश नियमांत महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रवर्ग आहे. या प्रवर्गातून अर्ज करणारा निपाणी परिसरातील एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. त्याने दाखले मिळवावयाचे ते कर्नाटकातील कार्यालयांतून आणि अर्ज भरावयाचा तो महाराष्ट्राच्या पोर्टलवर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो नाडकचेरीत जाईल, शाळेच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांकडे जाईल आणि अर्ज भरण्यासाठी एखाद्या सेवा केंद्रात बसेल.

आता असे समजा की, कागदपत्रांची यादी तीन ठिकाणी आहे. विभागाच्या संकेतस्थळावरील यादी दोन वर्षांपूर्वीची आहे. पोर्टलवरील अर्जात नवी यादी आहे. सेवा केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेली यादी याहूनही जुनी असून तिच्यावर तारीखच नाही. विद्यार्थ्याचे वडील भिंतीवरची यादी पाहून कागद जमवितात, रोजंदारी बुडवून मुलाबरोबर केंद्रात येतात आणि तेथे एक कागद कमी असल्याचे समजते. दुसऱ्या फेरीत एस.टी.चे भाडे आणि आणखी एक दिवस जातो. दरम्यान अर्जाची मुदत टळली, तर गेलेले वर्ष परत येत नाही.

या प्रसंगात कोणी मुद्दाम चूक केलेली नाही. नियम बदलला त्या दिवशी एका अधिकाऱ्याने पोर्टलवरील अर्ज दुरुस्त केला, परंतु संकेतस्थळ दुसऱ्या शाखेकडे होते आणि भिंतीवरचा कागद कोणाकडेच नव्हता. एकच माहिती तीन ठिकाणी तीन वेळा लिहिली गेली, हे या घोटाळ्याचे मूळ होय. जोडणीचा सारा खटाटोप एवढ्यासाठीच करावयाचा असतो की, माहिती एकदाच लिहिली जावी, एकाच ठिकाणी दुरुस्त व्हावी आणि सर्व दारांवर तीच दिसावी.

नोंद वेगळी, माहिती वेगळी

जोडणीचा विचार करताना नोंद आणि माहिती यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. कर्नाटकातील भूमी प्रकल्प हे नोंदींचे उत्तम उदाहरण आहे. या प्रकल्पात सुमारे ६७ लाख जमीनधारकांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर घेण्यात आल्या आणि १७७ तालुका केंद्रांतून शेतकऱ्यांना संगणकीय उतारे मिळू लागले. एखाद्या शेतकऱ्याचा उतारा ही नोंद होय. ती त्याच्यापुरती असते, खरेदी-विक्री, वारसा यांसारख्या कारणांनी बदलते, आणि तिच्यासाठी स्वतंत्र नोंदसंग्रह असतो.

उतारा कसा मिळवावा, वारसाची नोंद करण्यासाठी कोणते कागद लागतात, हरकत कोणाकडे नोंदवावी, हे सांगणारा मजकूर मात्र माहिती होय. ती सर्वांसाठी एकच असते व नियम बदलला की बदलते. नोंदी नोंदसंग्रहात, माहिती भांडारात, आणि दोहोंची गाठ पोर्टलवर, अशी विभागणी असावी. लाभार्थ्यांची नावे, त्यांचे आधार क्रमांक अथवा बँक खाती माहिती-भांडारात मजकूर म्हणून टाकणे सर्वथा टाळले पाहिजे. भांडारातील मजकूर सर्वांसाठी खुला असतो आणि वैयक्तिक तपशिलाच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र केंद्रीय अधिनियमही झाला आहे.

आजवरची वाटचाल

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजेच एनआयसीची, स्थापना १९७६ साली झाली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत तिची कार्यालये उभी राहिली. सुरुवातीच्या काळात प्रत्येक विभागाचे संकेतस्थळ हाताने तयार केलेल्या पानांचे असे. एक ओळ बदलावयाची तरी संगणक जाणणाऱ्या माणसाकडे धाव घ्यावी लागे. पुढे ड्रुपल (२००१) व वर्डप्रेस (२००३) यांसारख्या प्रणाली उपलब्ध झाल्या. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या लिपिकालाही मजकूर लिहिणे, वरिष्ठांकडे मान्यतेसाठी पाठविणे व प्रसिद्ध करणे त्यांमुळे शक्य झाले. पोर्टलचे शास्त्र याच सुमारास स्वतंत्रपणे वाढत होते. एका पानावर अनेक विभागांच्या लहान खिडक्या बसविण्याची जावा भाषेतील प्रमाण पद्धत २००३ साली ठरली. निरनिराळ्या कंपन्यांच्या भांडारांशी एकाच रीतीने बोलता यावे म्हणून सीएमआयएस या नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही २०१० साली मान्य झाले.

भारताचे राष्ट्रीय पोर्टल २००५ साली सुरू झाले आणि २००६ साली राष्ट्रीय ई-शासन योजनेस मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१५ साली ‘आपले सरकार’ हे पोर्टल सुरू झाले व त्याच वर्षी लोकसेवा हक्क अधिनियम आला. कर्नाटकात सेवा हमीचा ‘सकाल’ कायदा २०११ सालचा असून तेथे अनेक विभागांच्या सेवा ‘सेवा सिंधू’ या एकाच पोर्टलवर आणण्यात आल्या आहेत. यावरून असे दिसते की, भांडार आणि दार या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी व वेगवेगळ्या तंत्रांनी बांधल्या गेल्या. त्यांची जोडणी नंतर करावी लागते, हे ओघानेच आले.

जोडणीचे चार मार्ग

पहिला मार्ग केवळ दुव्याचा. पोर्टलवर ‘अधिक माहितीसाठी येथे पहा’ असे लिहून विभागाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावयाचा. हा मार्ग स्वस्त व सोपा आहे. परंतु नागरिकास एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पाठविल्यासारखे होते, आणि संकेतस्थळाची फेररचना झाली की जुना पत्ता निरुपयोगी ठरतो.

दुसरा मार्ग खिडकीचा. पोर्टलच्या पानात एक चौकट ठेवून तीत विभागाचे पान जसेच्या तसे दाखवावयाचे. माहिती ताजी राहते, हा याचा गुण. पण लहान पडद्याच्या मोबाईलवर पानात पान मावत नाही, पोर्टलच्या शोधपेटीला चौकटीतील मजकूर सापडत नाही, आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव अनेक संकेतस्थळे अशी चौकट लावू देत नाहीत.

तिसरा मार्ग प्रतीचा. भांडारात मजकुरास मान्यता मिळाली की त्याची प्रत ठरलेल्या वेळी पोर्टलकडे पाठवावयाची. वीज वा जोडणी खंडित झाली तरी पोर्टलवर मजकूर दिसत राहतो, म्हणून ग्रामीण भागात हा मार्ग उपयुक्त ठरतो. मात्र दुरुस्तीबरोबर प्रतही बदलली पाहिजे आणि मजकूर रद्द झाल्यास प्रतही काढून घेतली पाहिजे. नवा माल पाठविण्याची व्यवस्था बहुधा सर्वजण करतात; जुना माल परत मागविण्याची व्यवस्था मात्र विसरली जाते.

चौथा मार्ग थेट मागणीचा. नागरिकाने पोर्टलवर पान उघडले की पोर्टल भांडाराला विचारते, ‘अमुक सेवेच्या कागदपत्रांची आजची यादी द्या’, आणि भांडार केवळ मजकूर देते. त्याला पोर्टल, मोबाईल ॲप आणि सेवा केंद्राचा पडदा आपापल्या ठेवणीत मांडतात. दोन संगणकांच्या अशा ठरीव बोलण्याच्या रीतीस एपीआय असे म्हणतात. वखार एक आणि दुकाने अनेक, ही कल्पना या मार्गात सर्वांत चांगली साधते. परंतु भांडार बंद पडले तर सर्व दुकाने एकाच वेळी रिकामी दिसतात. म्हणून व्यवहारात तिसऱ्या व चौथ्या मार्गाचा मेळ घालतात : मागणी थेट करावयाची, आणि उत्तराची प्रत थोडा वेळ जवळ ठेवावयाची.

ही जवळ ठेवलेली प्रत म्हणजे पेढीवरील वानगी. ती किती वेळ ठेवावी, हे मजकूर पाहून ठरवावे. विभागाचा इतिहास सांगणाऱ्या पानाची प्रत आठवडाभर राहिली तरी बिघडत नाही. अर्जाची अंतिम तारीख, शुल्क अथवा पुराचा इशारा यांची प्रत मात्र काही मिनिटांपलीकडे ठेवता कामा नये, आणि मूळ मजकूर बदलताच भांडाराने पोर्टलला तशी वर्दी दिली पाहिजे.

मालावरची चिठ्ठी

वखारीतील प्रत्येक पोत्यावर मालधन्याचे नाव, वजन व प्रत यांची चिठ्ठी असते. भांडारातील प्रत्येक मजकुरासही अशी चिठ्ठी हवी : विषय कोणता, कोणत्या सेवेशी संबंधित, कोणत्या भागास लागू, कोणत्या भाषेत, कोणी लिहिला, कोणी मान्य केला, केव्हापासून लागू आणि केव्हा तपासावयाचा. चिठ्ठी नसलेला मजकूर असूनही नसल्यासारखाच होतो, कारण पोर्टलला तो मागताच येत नाही.

सीमाभागात ही चिठ्ठी विशेष जपून लिहावी लागते. खडेबाजार या एका नावाचे उदाहरण पुरेसे आहे. बेळगाव शहरात खडेबाजार आहे आणि शहापुरातही खडेबाजार आहे. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानातील गाव होते, आज ते बेळगाव शहराचाच भाग आहे. केवळ ‘खडेबाजार’ एवढीच नोंद असेल, तर पाणीपुरवठा बंद राहण्याची सूचना कोणत्या पेठेसाठी आहे, हे संगणकाला कळणार नाही. नावाबरोबर प्रत्येक ठिकाणाला एक कायम संकेतांक दिलेला असला, म्हणजे हा संभ्रम टळतो.

गावांची नावे व सीमाही बदलतात. कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी असे केले. मराठी माणूस शोधपेटीत बेळगाव लिहितो, कोणी अनुस्वार देऊन बेळगांव लिहितो, आणि शासकीय कागदावर बेळगावी असते. या सर्व नावांची एकाच संकेतांकाशी सांगड घातली नसेल, तर शोधणाऱ्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे खोटेच उत्तर मिळेल. तीच गोष्ट निपाणीची. पूर्वी चिकोडी तालुक्यात असलेले निपाणी आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्याचे नाव प्रत्येक पानावर हाताने लिहिले असेल, तर शेकडो पाने शोधून दुरुस्त करावी लागतात व काही हमखास राहून जातात. गावांची यादी भांडारात एकाच ठिकाणी असून बाकीची पाने तिच्यातून नाव घेत असतील, तर दुरुस्ती एकदाच पुरते.

शासकीय कागदांना स्वतःचा क्रमांक असण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळलेली आहे. मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय संकेतस्थळावर ठेवताना त्यास संगणक संकेतांक दिला जातो व तो निर्णयाच्या अखेरीस छापला जातो. पोर्टलने निर्णयाचा पत्ता न जपता हा संकेतांक जपावा. पत्ता बदलतो, संकेतांक बदलत नाही.

अक्षरांच्या आतली अडचण

जुना मजकूर नव्या भांडारात आणताना आणखी एक अडचण पुढे येते. संगणकावर मराठी व कन्नड लिहिण्यासाठी पूर्वी निरनिराळे फाँट वापरले जात व प्रत्येकाची अक्षरांमागील सांकेतिक योजना वेगळी असे. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून आले. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तथापि जुन्या फाँटांतील मजकूर कित्येक वर्षे तसाच राहिला. असा मजकूर नव्या प्रणालीत उघडला, तर मराठीऐवजी अर्थहीन खुणा दिसतात. म्हणून स्थलांतरापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो माणसाकडून वाचून घेणे अपरिहार्य आहे.

युनिकोडमध्येही सावध राहावे लागते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, आतले संकेत मात्र भिन्न असतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर साध्या शोधयंत्राला तो सापडत नाही. शेतकऱ्यांसाठी असलेली योजना शेतकऱ्यांनाच सापडू नये, असा हा प्रकार होय. मजकूर भांडारात येतानाच सर्व शब्दांचे संकेत एकाच रीतीचे करून घेणे, हा त्यावरील उपाय आहे. मराठी अंक व इंग्रजी अंक यांनाही शोधात समान मानले पाहिजे.

कागदाचे छायाचित्र घेऊन ते चढविण्याची पद्धतही शक्य तेथे टाळावी. चित्रातील अक्षरे शोधता येत नाहीत, आणि दृष्टिहीन नागरिकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या साधनांनाही ती वाचता येत नाहीत. स्वाक्षरीची प्रत चित्ररूपात ठेवावयाची असल्यास तिच्यासोबत तोच मजकूर अक्षररूपात ठेवावा.

दोन भाषा, एक तारीख

कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे ठरली, त्यांत एक असे होते की, ज्या जिल्ह्यात, तालुक्यात अथवा नगरपालिका क्षेत्रात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करणे इष्ट होय. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने गाऱ्हाण्यांची निवेदने संघराज्यात अथवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील कलम ४ सुद्धा माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी, असे सांगते. हीच बाब महाराष्ट्रात सोलापूर, सांगली या जिल्ह्यांतील कन्नड भाषक गावांनाही लागू पडते.

संगणकाच्या दृष्टीने हा प्रश्न असा मांडता येईल. एकाच सूचनेच्या कन्नड व मराठी प्रती भांडारात स्वतंत्र पाने म्हणून ठेवू नयेत. एका मजकुराच्या दोन भाषिक आवृत्त्या म्हणून त्या परस्परांशी बांधलेल्या असाव्यात. मूळ आवृत्ती बदलली की दुसऱ्या आवृत्तीवर ‘तपासणे बाकी’ अशी खूण आपोआप पडावी व संबंधित कर्मचाऱ्यास तशी सूचना जावी. भाषांतर होईपर्यंत पोर्टलने मराठी वाचकास स्पष्टपणे सांगावे की, मूळ सूचना अमुक तारखेस बदलली आहे, पुढील मराठी मजकूर त्यापूर्वीचा आहे. शुल्क, तारखा व रकमा हे आकडे दोन्ही आवृत्त्यांनी एकाच ठिकाणाहून घ्यावेत, म्हणजे वाक्य जुने राहिले तरी आकडा जुना राहणार नाही.

या बाबतीत हयगय झाली, तर मराठी आवृत्ती नसण्यापेक्षा शिळी मराठी आवृत्ती अधिक घातक ठरते. आवृत्तीच नसेल तर माणूस चौकशी करतो. आपल्या भाषेत लिहिलेले दिसले की त्यावर विश्वास ठेवतो आणि फसतो. भारत सरकारच्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांमुळे यंत्राकडून भाषांतराचा कच्चा खर्डा मिळणे आता सुलभ झाले आहे. परंतु ‘करावे’ आणि ‘करता येईल’ यांतील फरकावर ज्याचा दाखला अडतो, त्याच्यासाठी तो खर्डा जाणकार माणसाने तपासून मान्य केल्याखेरीज प्रसिद्ध होता कामा नये.

ओळख, अधिकार आणि जबाबदारी

भांडारात लिहिणारा, तपासणारा आणि मान्यता देणारा ही तीन वेगळी कामे आहेत. जोडणी करताना या तिघांचे अधिकार पोर्टललाही ठाऊक असावे लागतात. अन्यथा मान्यता न मिळालेला खर्डा चुकून लोकांना दिसेल, किंवा बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर मजकूर बदलत राहील. कर्मचाऱ्याने एकदाच ओळख पटवून दोन्ही प्रणालींत काम करावे आणि बदली होताच त्याचा अधिकार दोन्ही ठिकाणी एकदम बंद व्हावा, अशी व्यवस्था करता येते. नागरिकास मात्र केवळ माहिती वाचण्यासाठी नाव वा मोबाईल क्रमांक विचारू नये. ओळख लागते ती अर्जास, वाचनास नव्हे.

भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली प्रथम मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती आली. मजकूर कोणी द्यावा व कोणी मान्य करावा, त्याची तपासणी किती काळाने व्हावी आणि जुना मजकूर अभिलेखात केव्हा जावा, याचे धोरण प्रत्येक कार्यालयाने लेखी ठरवावे, अशी अपेक्षा या तत्त्वांत आहे. जुना मजकूर नष्ट करावयाचा नसतो, हेही येथे ध्यानी घ्यावे. तीन वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या माणसास त्या वेळचा नियम कोणता होता, हे अपिलाच्या वेळी दाखवावे लागते. म्हणून रद्द मजकूर दुकानातून उचलावयाचा, पण वखारीत तारखेसह राखावयाचा.

जोडणीची परीक्षा

जोडणी नीट झाली की नाही, हे ठरविण्यासाठी मोठ्या तज्ज्ञाची आवश्यकता नाही. पाच साध्या कसोट्या पुरेशा आहेत.

१. भांडारात शुल्काचा एक आकडा बदलावा व तो पोर्टल, मोबाईल ॲप आणि सेवा केंद्राचा पडदा या सर्व ठिकाणी किती वेळात बदलतो, ते घड्याळ लावून पाहावे.

२. एक सूचना मागे घ्यावी आणि ती सर्व ठिकाणांहून, शोधाच्या यादीतूनही, नाहीशी होते का ते पाहावे.

३. गावाचे नाव प्रचलित असलेल्या प्रत्येक रीतीने लिहून शोधावे.

४. मूळ सूचना बदलल्यावर तिच्या भाषांतरावर खूण पडते का ते पाहावे.

५. भांडार थोडा वेळ बंद ठेवावे आणि पोर्टल नागरिकास कोरे पान दाखविते की शेवटची प्रत तारखेसह दाखविते, याची खात्री करावी.

या कसोट्या सेवा सुरू होण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या बदलानंतर घेणे श्रेयस्कर होय.

गावाचा सहभाग

यंत्रांची जोडणी कितीही उत्तम झाली, तरी तिचे शेवटचे टोक बहुधा कागदच असते. ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या दर्शनी भिंतीवर व सेवा केंद्राच्या दारावर लागणारा कागद थेट पोर्टलवरून छापून घ्यावा. त्यावर छापल्याची तारीख व मजकुराचा क्रमांक असावा. हाताने नक्कल करून लिहिलेली यादी लावू नये. नवा कागद लावताना जुना काढून टाकण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे.

शिक्षकांचे साह्य या कामी फार मोलाचे ठरते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना दाखल्यांची यादी वाचून दाखविण्यापूर्वी तिच्यावरील तारीख पाहण्याची सवय त्यांनी लावावी. दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या याद्या आढळल्यास, कोणती खरी याचा तर्क करीत न बसता, दोहोंचे क्रमांक लिहून संबंधित कार्यालयास कळवावे. भांडारात दुरुस्ती एकाच ठिकाणी होत असल्याने, एका शाळेने कळविलेली चूक सर्व गावांसाठी सुधारली जाते. अधिकाऱ्यांनीही अशा पत्राकडे तक्रार म्हणून न पाहता वखारीच्या मोजणीत सापडलेली तफावत म्हणून पाहावे आणि दुरुस्तीची तारीख कळविणाऱ्यास कळवावी.

खडेबाजारातील गिऱ्हाईक वखार पाहावयास जात नाही. दुकानदाराने दाखविलेला माल आणि घरी आलेला माल एकच असेल, या भरवशावर तो पैसे मोजतो. शासनाच्या दारी येणारा नागरिकही तोच भरवसा बाळगून येतो. त्याने घरी वाचलेली यादी आणि खिडकीवर मागितलेली यादी एकच निघाली, त्याचा दाखला पहिल्याच फेरीत झाला व मुलाचा अर्ज मुदतीत पोहोचला, म्हणजे भांडार आणि पोर्टल यांची जोडणी यथायोग्य झाली असे समजावे.